आतून कडी लागते का?

६ ऑगस्ट

ठक्. ठक-ठक. ठक्.

मास्तरांचं डस्टर! त्याची लाकडी पाठ टेबलावर आपटून ताल धरायचे आणि अख्खा वर्ग कविता म्हणायचा. चाळीस घसे, एक कविता. चुकणाऱ्याचा आवाज बाकीच्यांत बुडून जायचा — माझा कितीदा बुडाला. साठ वर्षं झाली. आज सकाळी दाढी करताना कानात तोच आवाज. हात थांबला. बघतो तर स्वयंपाकघरातला नळ गळतोय.

नळाचं वायसर बदलणे.

नवी वही सुरू केली, कारण घर घ्यायचंय. राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. हिच्या नावचा जमिनीचा तुकडा विकला त्याचे पैसे बँकेत पडून आहेत. (हिला जाऊन पाच वर्षं झाली, वहीत अजून 'ही'च लिहितो.) पेन्शन अर्धी औषधांत जाते. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, पैसे झोपवून ठेवू नका. छोटीशी जागा घ्या. भाडं येत राहील, तुम्ही आपल्या घरात राजासारखे राहाल."

राजा म्हणे! पण मुद्दा पटला. हातपाय चालताहेत तोवर जावयाच्या दारात पाहुणा म्हणून जायचं, मुक्कामाला नाही — एवढं एकच मी मनाशी ठरवलंय. ते जमायचं तर दरमहा भाडं हवं. आणि पैसा एकदाच खर्च होणार. चुकलो तर दुसरा डाव नाही.

पूर्वी लेक दर आठवड्याला म्हणायची, "इकडेच या ना राहायला." हल्ली म्हणत नाही. बरंच झालं, नाही म्हणायचा त्रास वाचला.

९ ऑगस्ट

दलाल येऊन गेला. तरुण, चकचकीत बूट, दोन फोन. काहीही विचारा, एकच उत्तर — "होऊन जाईल, काका!" पाणी? होऊन जाईल. कागदपत्रं? होऊन जाईल. मी त्याचं नावच 'होऊनजाईल' ठेवलं. जाताना चहाच्या कपाखालची बशी न्यायला निघाला होता, बोलण्याच्या नादात!

१४ ऑगस्ट

होऊनजाईलनं शहराच्या टोकाची नवी इमारत दाखवली. सात मजले, काचेची लिफ्ट, दारात कुंड्या. "काका, सगळे फ्लॅट गेले! चाळीसपैकी एकच उरलाय, तो तुमच्यासाठी राखून ठेवलाय. भाडेकरू रांग लावतील."

लिफ्टमध्ये न शिरता मी जिन्याखाली गेलो. चौतीस वर्षं मीटर रीडिंग केलंय. लोक घराचं तोंड बघतात, मी पोट बघतो. चाळीस मीटर ओळीनं. नव्या मीटरांत चकती नसते, एक बारीक लाल दिवा लुकलुकतो — वीज वापरली जात असेल तर. मोजले. लुकलुकणारे नऊ. बाकीच्यांचे आकडे वाचले. इमारत होऊन तीन वर्षं झाली, आणि कित्येकांचे युनिट शंभरसुद्धा नाहीत!

"विकले गेलेत सगळे," मी म्हटलं, "पण राहतंय कोण?"

"काका, तुम्ही घर बघायला आलाय की बिल द्यायला?"

हसू आलं. पोरगा हजरजबाबी आहे. पण सगळ्यांनीच भाड्यानं द्यायला घेतलेली घरं! तीस मालक एका भाडेकरूची वाट बघताहेत. त्यांत एकतिसावा मी कशाला?

येताना बस रिकामी. तेही वहीत लिहून ठेवतो. टोकाच्या थांब्यावर दुपारी दोन वाजता मी एकटा चढलो.

१५ ऑगस्ट

कालच्यावरून जुने दिवस आठवत बसलो. मीटरवरून घर कळतं, हे मी ऑफिसात सांगायचो तेव्हा सगळे चेष्टा करायचे. पण कळतं! नवं बाळ आलं की आकडा चढतो. मुलगा परगावी गेला की उतरतो. आणि घरातलं बोलणं बंद झालं की दुप्पट होतो, माणसं तेवढीच असून. एका खोलीत बसणारी दोघं दोन खोल्यांत बसतात. दोन दिवे, दोन पंखे, जेवण दोनदा गरम. बिल वाढलं म्हणून तक्रार घेऊन यायची माणसं. मी मीटर तपासायचो, मीटर ठणठणीत. सांगणार काय? "साहेब, बायकोशी बोला" असं रजिस्टरात लिहायला रकाना नव्हता.

जुन्या मीटरची चकती फिरायची, तिच्यावरची लाल खूण समोर आली की एक फेरी. मी फेऱ्या मोजायचो त्या कवितेच्या चालीवर. वरिष्ठांनी एकदा पकडलं. म्हणाले, "गाताय काय? आकडा सांगा."

२० ऑगस्ट

लेकीचा फोन, सकाळी अकराला. ऑफिसच्या जिन्यातून बोलत होती, आवाज घुमत होता. जागा बघताना काय काय बघायचं त्याची यादीच सांगितली. लिहून घेतली:

जिन्यात दिवा आहे का. बस थांबा किती पावलांवर. चालत जाण्यासारखी शाळा. आतून कडी लागते का, आणि कडी कसली — साधी की जाड. जुन्या कुलपाच्या किल्ल्या आणखी कोणाकडे. खाली किंवा शेजारी बाईमाणूस आहे का. शेजारी फार चौकशा करणारे नकोत, पण हाक मारली तर येणारे हवेत.

मी म्हटलं, "बाळ, हे घर बघायचं चाललंय की स्थळ?"

हसली नाही. म्हणाली, "बाबा, एकटी बाई राहू शकेल अशी जागा असली की तिला भाडेकरू कधीच कमी पडत नाही. बायका जागा सोडत नाहीत लवकर." मग एकदम, "ठेवते, आलं कोणीतरी."

हुशार आहे. हा विचार मला सुचला नसता. यादी पाकिटात ठेवली.

२ सप्टेंबर

दवाखान्याजवळचा फ्लॅट. मीटर छान फिरतंय, आजूबाजूला नर्सबाया राहतात, जागा रिकामी राहणार नाही. यादीतलं जिन्याचा दिवा सोडून सगळं जमतंय. खिडकीतून मात्र एक भिंत दिसते. राखाडी, कोरी. त्या भिंतीकडे बघत कुणी आयुष्य काढायचं?

दोन दिवस विचार करतो म्हणालो.

५ सप्टेंबर

फ्लॅट गेला. मी विचार करत बसलो, तिकडे दुसऱ्यानं इसार देऊन टाकला. होऊनजाईल म्हणाला, "काका, भाडेकरू खिडकीतून बघायला येत नाही, झोपायला येतो." खरंय!

लेकीला सांगितलं. कधी गेला ते विचारलं. मग म्हणाली, "बाबा, घाई करा हो जरा." आवाज इतका बारीक, की मला वाटलं सर्दी झालीये. पैसा माझा, घर माझं, तिला एवढं का लागावं? माझ्या काळजीनंच असणार.

११ सप्टेंबर

सापडली!

जुनी पेठ, शाळेला लागून असलेली दुमजली इमारत. खाली शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या आणि न्हाणी. पायऱ्या सतरा. जिना चढत होतो, तेवढ्यात पलीकडून — चाळीस घसे, एक कविता! चौथीचा वर्ग असावा. कविता माझ्या वेळची नाही, पण चाल तीच, तोच मधेच धावणारा एक आवाज, बाकीच्यांच्या पुढे. मी जिन्यात थांबलो. होऊनजाईल म्हणाला, "दम लागला का, काका?" हो म्हटलं.

आम्ही दोघांनी सात घरं बदलली भाड्याची. रिकामी खोली बघायला गेलो की ही मधोमध उभी राहून एकदाच म्हणायची, "अहो!" आवाज कसा परत येतो ते ऐकायची. कधी "नको" म्हणायची, कधी पिशवी खाली ठेवायची. पिशवी खाली ठेवली की घर ठरलं. आज मी मधोमध उभा राहिलो. काय म्हणावं कळेना. शेवटी नुसता खाकरलो.

आवाज चांगला परत आला.

१२ सप्टेंबर

पुन्हा गेलो, पावणेअकराला. पुन्हा कविता. खालच्या शिवणबाई दारात आल्या. पन्नाशीच्या, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप.

"काल पण आला होतात. घेणार की नुसतं ऐकणार?"

"बघतोय अजून. जिन्यात दिवा?"

"माझ्या दुकानातून कनेक्शन आहे. मी विझवत नाही. बिल मालकाकडून वसूल करते, आधीच सांगून ठेवते."

"रात्रीअपरात्री वरून कुणी हाक मारली तर येता का?"

टाचण्या काढल्या तोंडातून. माझ्याकडे नीट बघितलं. "कात्री घेऊन येते," म्हणाल्या.

यादीतल्या सगळ्यावर खूण. बस थांबा एकशे दहा पावलं. कडी साधी आहे, जाड बसवून घ्यावी लागेल.

१९ सप्टेंबर

लेकीला सांगितलं. शाळेच्या कवितेचंही सांगून बसलो. "बाबा! कविता भाडं देते का?" — रागावली, पण जुन्यासारखी, लहानपणी रागवायची तशी. बरं वाटलं. मग विचारलं, "बाकी सगळ्यावर खूण आहे?"

"आहे."

"आमच्या ऑफिसची शाखा तिथून किती लांब?"

तिच्या ऑफिसातलं कुणी भाडेकरू म्हणून मिळण्यासारखं असेल. चौकशी करून संध्याकाळी कळवलं. वीस मिनिटं, एकच बस.

"मग घ्या, बाबा."

६ ऑक्टोबर

खरेदीखत झालं. बँकेच्या पुस्तकात आता एक केविलवाणा आकडा उरलाय. होऊनजाईल पेढा शोधत होता, मिळाली चिक्की! दात सांभाळून खाल्ली.

नवी किल्ली करून घेतली. जुनी कुलपं सगळी काढून टाकली. जाड कडी बसवली. सुतार म्हणाला, "आत खजिना ठेवताय का?"

१५ ऑक्टोबर

पहिली बघायला आली ती दोन माणसं, रात्रपाळीवाली. "दिवसा झोपतो आम्ही. ही शाळा किती वाजता बंद असते?" गेली.

१७ ऑक्टोबर

दुसरे आले मधल्या सुट्टीत. मी आजवर कधी मधल्या सुट्टीत गेलोच नव्हतो! तीनशे पोरं मैदानात. भिंती हलतात. खाली शिवणबाईंचं यंत्र. बोलायला तोंडाजवळ कान न्यावा लागला. आलेली बाई नवऱ्याला म्हणाली, "हे घर आहे की जत्रा?"

कळलं. रोज पावणेअकराला जाऊन मी घर बघत नव्हतो, स्वतःचा चौथीचा वर्ग बघत होतो. चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली काढली आणि स्वतःचं घर घेताना एकदा दुपारी जायचं सुचू नये!

२८ ऑक्टोबर

चौथं कुटुंब परत गेलं. बसल्या बसल्या दोन ओळी सुचल्या:

दोन खोल्या, एक खिडकी, ऊन येते चालत
रिकाम्या या भिंतीवरती माझी सावली हालत

यमक जुळलं. भाडेकरू जुळत नाही.

औषधांतली एक गोळी या महिन्यात निम्मी करून घेतोय. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. लेकीला तर मुळीच नाही.

३१ ऑक्टोबर

लेकीचा फोन. जागा गेली नाही म्हटल्यावर धीर द्यायच्या सुरात म्हणाली, "मिळेल, बाबा. भाडं पहिले दोन महिने थोडं मागेपुढे झालं तर चालेल ना तुम्हाला?" माझी परीक्षाच घेत होती बहुतेक, किती ताणता येईल ती. चालेल म्हटलं. चालवणार कसं ते माझं मला माहीत.

मग म्हणाली, "बाबा, आमचं विजेचं बिल दुप्पट आलंय. तीन महिने झाले. माणसं तेवढीच. मीटर बिघडलं असेल का?"

आहाहा! किती दिवसांनी कुणी माझ्या कामाचं विचारलं. सविस्तर सांगितलं. "आधी मेन स्विच बंद कर. मग मीटर बघ. तरीही दिवा लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे. नसेल, तर मीटर ठीक. मग एकेक खोली चालू करत जा." वीस मिनिटं बोललो असेन. शेवटी म्हणाली, "हो, बाबा. बघते."

नंतर नात भिंगरी फोनवर. (एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी.) "आजोबा, त्या शाळेतली मुलं रोज कविता म्हणतात?"

"रोज! पावणेअकराला."

"मला पण दोन येतात. पण आता मी हळू म्हणते."

"हळू का गं?"

फोन लेकीनं घेतला. वेळ झाली म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

मिळाला! चष्म्याच्या दुकानात काम करणारा तरुण, नुकतं लग्न झालेलं. दोघंही दिवसभर बाहेर. "शाळेचा आवाज? आम्ही घरी असतो कुठे त्या वेळी!" भाडं कबूल, डिपॉझिट कबूल. पुढच्या रविवारी दहा वाजता करारावर सही करायला येतो म्हणाला. माझ्या चष्म्याची दांडी खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं तिथल्या तिथे घट्ट करून दिली. असा भाडेकरू हवा!

घरी येऊन पूर्ण गोळी घेतली.

११ नोव्हेंबर

लेकीला आनंदानं सांगितलं. "सही झाली?" तिनं विचारलं.

"रविवारी."

"बाबा, घाई करू नका."

घ्या! तीन महिने घाई करा, घाई करा म्हणून मागे लागलेली लेक! मी चिडलोच. "आता काय मुहूर्त बघायचा? चष्मेवाला सोन्यासारखा माणूस आहे. शब्द दिलाय मी." म्हणाली, "दिलात ना शब्द. मग ठीक आहे." तिच्या बाजूनं रस्त्याचा आवाज येत होता. मीच फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

उद्या सही. खोली स्वतः झाडून आलो. शिवणबाईंनी बादली दिली, वर टोमणाही, "मालक झाडू मारतोय, बघा रे!" खिडकीच्या काचा पुसल्या. शनिवार, शाळा लवकर सुटलेली. मैदान रिकामं. मधोमध उभा राहून एक कविता म्हटली. पाठ आहे तेवढी सगळी. तिसऱ्या कडव्यात अडखळलो, पण आवाज बुडवून घ्यायला बाकीचे एकोणचाळीस नव्हते.

लेकीचा फोन तीन दिवसांत नाही. रुसली असेल. उद्या सही झाली की मीच करतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

नऊ वाजताच खोलीवर जाऊन बसलो, कराराचे कागद मांडून. साडेनऊला जिन्यात पावलं. चष्मेवाला लवकर आला म्हणून दार उघडलं.

लेक. हातात एक मोठी बॅग. मागे भिंगरी — पाठीवर शाळेचं दप्तर. रविवारी! एका जागी उभी होती.

"पत्ता खालच्या बाईंनी नक्की करून दिला," लेक म्हणाली. आत आली. माझ्याकडे बघितलंच नाही. दार लावलं आणि जाड कडी सरकवून बघितली. काढली. पुन्हा सरकवली. मग बॅग खाली ठेवली.

"भाडं देईन मी, बाबा. पहिले दोन महिने मागेपुढे होईल."

बिल दुप्पट, माणसं तेवढीच. आणि मी तिला वीस मिनिटं मेन स्विच बंद करायला सांगत होतो!